अर्ध्या तासाचं बंद दार

बारावीचा रसायनशास्त्राचा पेपर होता. अकराला प्रश्नपत्रिका हातात आली आणि साडेअकराच्या सुमारास ओटीपोटात कळा सुरू झाल्या. आधी कंबरेत, मग मांड्यांपर्यंत. हात गार पडले, कपाळावर घाम आला. पर्यवेक्षक सरांनी विचारलं, "काय होतंय?" मी म्हटलं, "पोट दुखतंय." सर म्हणाले, "परीक्षेच्या दिवसांत बाहेरचं खाऊ नये." वर्गातल्या निम्म्या मुलींना माझं काय दुखतंय ते कळलं होतं, पण कुणी बोललं नाही. मीही नाही. वीसेक गुणांचे प्रश्न कोरे सोडून मी घरी आले.

घर म्हणजे इचलकरंजीत मागे-पुढे दोन खोल्या. अम्मी कांड्या भरत होती. माझा चेहरा बघून तिने मशीन बंद केलं, ओवा उकळून दिला, गरम पाण्याची पिशवी दिली. दादीने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सबकोच होता बेटा, सहनाच पडता." दोघींच्या मायेत काही कमी नव्हतं. पण 'सबकोच होता' या एका वाक्याने पुढची चार वर्षं माझं तोंड बंद केलं. सगळ्यांनाच होतं तर मग आपणच इतक्या नाजूक कशा, असं वाटून मी आणखी गप्प झाले.

डॉक्टरांकडेही गेलो. त्यांनी एक इंजेक्शन दिलं आणि अम्मीकडे बघून म्हणाले, "लग्न होऊन एक मूल झालं की आपोआप थांबेल." मी सतरा वर्षांची होते. माझ्या दुखण्यावर इलाज म्हणून मला लग्न सुचवलं जात होतं, आणि ते ऐकून आमच्यापैकी कुणालाही काही वावगं वाटलं नाही.

आज मी शाळेत शिकवते. माझ्या वर्गात दर महिन्याला दोन-तीन मुली 'ताप होता' अशी चिठ्ठी घेऊन येतात. तो ताप कसला, हे मला न सांगता कळतं. म्हणून हा लेख.

दुखतं ते का

पहिली गोष्ट, हे दुखणं मनाचा खेळ नाही. बराच काळ डॉक्टरही तसं समजत होते. कुणी म्हणायचं बाई हळवी आहे, कुणी म्हणायचं तिची उभं राहण्याची ढब चुकते. १९५७ साली ब्रिटनमधल्या व्ही. आर. पिकल्स या संशोधकाने पाळीच्या स्रावात स्नायू आवळायला लावणारा एक पदार्थ असल्याचं दाखवलं. पुढे त्यातून प्रोस्टाग्लँडिन या रसायनांचा उलगडा झाला. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात ही रसायनं तयार होतात. ती गर्भाशयाचा स्नायू आवळतात. स्नायू जोरात आवळला की त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोहोचतं आणि कळ येते. ज्यांच्यात ही रसायनं जास्त, त्यांना दुखणं जास्त. अनेकींना सोबत मळमळ, जुलाब, डोकेदुखी होते, त्यामागेही हीच रसायनं असतात.

म्हणजे दादीचं म्हणणं अर्धं खरं होतं. दुखतं बहुतेकींना. पण सगळ्यांना सारखं दुखत नाही, आणि सहन करण्याशिवाय मार्ग नाही हे तर मुळीच खरं नाही.

आपाने सांगितलेले व्यायाम

माझी मामेबहीण फिजिओथेरपी शिकत होती. आम्ही तिला आपा म्हणतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना ईदला ती आमच्याकडे आली आणि मला कोपऱ्यात मुटकुळं करून पडलेलं बघून म्हणाली, "तू व्यायाम का करत नाहीस?" मला राग आला. जीव जातोय आणि ही व्यायाम सांगते! ती म्हणाली, "आज नको करूस. आज गोळी घे, शेक घे. पाळी संपली की सुरू कर. तीन महिने कर, मग माझ्याशी भांड."

हाच मुद्दा बहुतेकींना माहीत नसतो. हा व्यायाम दुखणं सुरू झाल्यावर घ्यायचं औषध नाही. तो महिनाभर करायचा असतो. २०१९ साली कोक्रेन या संस्थेने याविषयीच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यातल्या १० प्रयोगांतल्या ७५४ स्त्रियांची माहिती एकत्र मांडली होती. आठवड्यातून किमान तीन दिवस, साधारण ४५ ते ६० मिनिटं व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं, व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत, १००च्या मापावर सुमारे २५ने कमी आढळलं. व्यायाम दमवणारा असो की ताणाचा, योगासनांसारखा हलका असो, फायदा दोन्हींत दिसला. त्याच आढाव्याने हेही स्पष्ट लिहिलं आहे की हा पुरावा अजून भक्कम दर्जाचा नाही. तेव्हा मी याला रामबाण म्हणणार नाही. पण ज्याला पैसे लागत नाहीत, ज्याचा बहुतेकींना अपाय नाही आणि बाकी शरीरालाही ज्याचा फायदाच आहे, ते तीन महिने करून बघण्याइतका आधार यात नक्कीच आहे.

आपाने मला जे सांगितलं ते असं. सुरुवातीला वीस-पंचवीस मिनिटं गच्चीवर भरभर चालायचं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. गच्ची नसेल तर जागच्या जागी पावलं उचलायची किंवा दोरीवरच्या उड्या मारायच्या. मग सतरंजी अंथरून पुढचे प्रकार, प्रत्येक आठ-दहा वेळा, सावकाश.

हात आणि गुडघ्यांवर ओणवं व्हायचं. श्वास सोडताना पाठ मांजरीसारखी वर फुगवायची, श्वास घेताना खाली सोडायची. त्यानंतर तसंच मागे सरकून टाचांवर बसायचं, कपाळ जमिनीला टेकवायचं, हात पुढे लांब, आणि पाच-सहा श्वास तिथंच थांबायचं.

पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, तळपाय जमिनीवर. पोट आत घेऊन कंबरेची पोकळी जमिनीला टेकवायची, पाच मोजायचे, सोडायचं. त्याच स्थितीतून कंबर वर उचलायची, पाच मोजून खाली आणायची. नंतर एकेक गुडघा छातीशी घ्यायचा, मग दोन्ही. मग दोन्ही गुडघे जोडून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टेकवायचे.

शेवटी भिंतीला पाठ लावून बसायचं, तळपाय एकमेकांना जोडायचे आणि गुडघे फुलपाखरासारखे हलवायचे. दोन मिनिटं डोळे मिटून लांब श्वास. झालं.

पाळीच्या दिवसांत यातलं फक्त हलकं तेवढं करायचं, तेही वाटलं तर. ओणवं होणं, गुडघे छातीशी घेणं, लांब श्वास. सोबत ओटीपोटावर शेक. शेकाने बऱ्याच जणींना खरोखर आराम पडतो, तो दादीचा भाबडा उपाय नाही.

पहिल्या महिन्यात मला काहीच फरक दिसला नाही. दुसऱ्या महिन्यात कंबर कमी दुखली. चौथ्या महिन्यात मी पाळीच्या पहिल्या दिवशी कॉलेजला गेले. दुखलं नाही असं नाही. पण दीड-दोन दिवसांचं अंथरूण अर्ध्या दिवसावर आलं. कधीकधी अजूनही एखादी गोळी लागते आणि ती घ्यायला मला लाज वाटत नाही.

गोळीबद्दलही थोडं. कळा सुरू होताच, काहीतरी खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घेतलेली वेदनाशामक गोळी प्रोस्टाग्लँडिनच कमी करते. ती घेणं म्हणजे कमकुवतपणा नव्हे. पण मेडिकलमधून कागदात गुंडाळून आणलेली, नावही न वाचलेली गोळी महिनोन्महिने घेणं वेगळं. आपल्याकडे पाळीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडच्या एका दुर्मीळ पण गंभीर ॲलर्जीबद्दल इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३च्या अखेरीस सावधगिरीची सूचना काढली होती. ज्यांना दमा, पोटाचा अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

खरी अडचण व्यायामाची नव्हतीच

सगळे प्रकार मला दोन दिवसांत पाठ झाले. जागा मात्र मिळाली नाही.

दोन खोल्या, सहा माणसं. पुढच्या खोलीत अब्बू रात्रपाळी करून झोपलेले, भाई मोबाईल घेऊन बसलेला, मागे स्वयंपाक आणि कांड्यांचं मशीन. भाईसमोर मी पाठीवर झोपून कंबर उचलणार? गच्चीवर गेले तर समोरच्या गच्चीवर पोरं पतंग उडवायला. आमच्या मोहल्ल्यात मुलगा बनियनवर रस्त्यात जोर काढतो तेव्हा लोक कौतुकाने बघतात. मुलगी गच्चीवर भरभर चालली तरी दुसऱ्या दिवशी अम्मीला कुणीतरी विचारतं, "तुमची लेक रोज वर कशाला जाते?"

शेवटी मी फजरनंतरची वेळ धरली. सगळे परत झोपायचे तेव्हा मागच्या खोलीत जानमाजशेजारी सतरंजी टाकायचे. एकदा पाळीच्या दिवसांत मी कपाळ टेकवून बसले होते आणि अम्मी आत आली. दचकून म्हणाली, "अगं, तुला तर नमाज माफ आहे ना आत्ता?" मी म्हटलं, "नमाज नाही अम्मी, कंबर मोकळी करतेय." आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसलो. नंतर मात्र मी तिच्याच गैरसमजाचा फायदा घेतला. दुपट्टा डोक्यावर घेऊन त्या स्थितीत बसलं की दारातून डोकावणारा भाई आल्यापावली परत जायचा. नमाज चाललीय असं समजून का होईना, मला पंधरा मिनिटं कुणी हाक मारत नव्हतं.

यातलं हसू ओसरल्यावर एक गोष्ट मनात राहिली. आमच्या घरात इबादतीसाठी मुलीला एकांत मिळतो, कारण तो तिचा हक्क आहे असं सगळे मानतात. तिच्या शरीरासाठी मात्र तेवढाच एकांत मागायची तिला हिंमत होत नाही. मी खोटेपणा करत होते, आणि तो मला करावा लागत होता.

दीनचं नाव घेऊन

काही जण म्हणतील, हे सगळं योगासनांसारखं आहे, आपण कसं करायचं? माझं साधं म्हणणं आहे. पाठ वाकवली, गुडघा छातीशी घेतला, श्वास लांब केला, यात कुणाची पूजा नाही. मंत्र म्हणायचा नसेल तर म्हणू नका. योग म्हणायचं नसेल तर कसरत म्हणा. नावावरून भांडत बसलो तर दुखणं मुलीच्याच वाट्याला राहतं.

दुसरे म्हणतील, हयाचं काय? मुलींनी उड्या मारायच्या का? पैगंबर साहेबांनी हजरत आयेशांबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची हदीस आपल्याच घरांत सांगितली जाते. पाळीच्या दिवसांत असलेल्या हजरत आयेशांच्या मांडीवर डोकं टेकून ते कुरआन पठण करत, हेही हदीसमध्ये आहे. सूरह बकरामध्ये पाळीसाठी 'अज़ा' हा शब्द आला आहे. त्याचा अर्थ त्रास, पीडा असाही होतो. आपण मात्र त्यातली नापाकी तेवढी लक्षात ठेवली आणि त्रास विसरलो. ज्या दीनने या दिवसांत नमाज माफ केली आणि रोजा पुढे ढकलायची मुभा दिली, त्याने बाईचं दुखणं मान्यच केलं आहे. ते आपल्या घरांनी मान्य करायचं बाकी आहे.

रमजान आठवून बघा. किती मुली पाळी असताना सहेरीला उठतात, दिवसभर घरातल्या पुरुषांसमोर रोजा असल्याचं नाटक करतात आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घाईघाईने पाणी पितात! मीही केलंय. उपाशीपोटी गोळी घेऊन पित्त झालंय. जी मुभा अल्लाहने दिली ती भावाच्या नजरेपासून लपवावी लागते, याला मी हया म्हणू शकत नाही. ही भीती आहे.

व्यायामाचा बडगा नको

एक धोकाही सांगते. उद्या हाच व्यायाम मुलींवर उगारायला वापरला जाईल. 'व्यायाम करत नाहीस म्हणून दुखतं' असं म्हणून हात झटकले जातील. किंवा 'घरात दिवसभर वाकून काम करतेस, तोच व्यायाम' असं म्हटलं जाईल. घरकाम कष्टाचं असतं, पण ते सलग नसतं, त्यात श्वासाला लय नसते आणि ते स्वतःसाठी नसतं. आणि काही दुखणी कितीही व्यायाम केला तरी जात नाहीत.

दुखणं दरवर्षी वाढत असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, शौचाला किंवा लघवीला जाताना कळा येत असतील, तासातासाला पॅड बदलावं लागत असेल, रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त टिकत असेल, ताप किंवा चक्कर येत असेल, किंवा गोळी आणि व्यायाम दोन्हींनी फरक पडत नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायलाच हवं. एंडोमेट्रिओसिस नावाच्या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो. 'लग्नानंतर थांबेल' या एका वाक्यामुळे त्याचं निदान वर्षानुवर्षं लांबतं.

बाईच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करण्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पाळीत विश्रांती घेतली तर मजुरी जाते, खाडा केला तर दंड बसतो, साधं दुखणंही नीट तपासलं जात नाही, आणि मग तिशीच्या आतबाहेरच्या बायका गर्भाशयच काढून टाकतात. आमच्या यंत्रमागाच्या गल्लीतली कांड्या भरणारी बाई आणि फडातली ऊसतोड करणारी बाई यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. दोघींनाही दुखण्याची सुट्टी नाही.

मागणं एवढंच

आपल्या चळवळीत आपण तलाकवर बोलतो, शिक्षणावर बोलतो, वारशातल्या हिश्शावर बोलतो. बोललंच पाहिजे. पण महिन्यातले दोन दिवस जी मुलगी शाळेत जात नाही, तिच्या शिक्षणाच्या हक्काचं काय? हा प्रश्न मोर्चाने सुटणार नाही. तो घरातच सुटेल.

भावांनो, तुमच्याकडून फार काही नको. आठवड्यातले तीन दिवस अर्धा-पाऊण तास मोबाईल घेऊन बाहेर कट्ट्यावर बसा आणि खोलीचं दार बाहेरून ओढून घ्या. 'काय करतेस' विचारू नका. रमजानमध्ये बहिणीच्या हातात पाण्याचा पेला दिसला तर नजर दुसरीकडे वळवू नका, सहज बोलत राहा. मेडिकलमध्ये जाऊन तिची गोळी आणायला लागली तर नाव नीट सांगून आणा.

अम्मींनो, तुम्हाला कुणी ही अर्धा तासाची सवड दिली नाही, हे मला माहीत आहे. लेकीला ती देताना तुम्हीही तिच्याशेजारी सतरंजी टाका. ज्या मोहल्ल्यांत वाचनालय, शादीखाना किंवा शाळेचा हॉल आहे, तिथल्या जाणत्या मंडळींनी आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर तो फक्त मुली-बायकांसाठी उघडा ठेवावा. त्याला ना अनुदान लागतं ना ठराव. एक किल्ली आणि एक पंखा पुरतो.

आणि मैत्रिणींनो, तीन महिने करून बघा. नाही जमलं तर स्वतःला दोष देऊ नका, डॉक्टरांकडे जा आणि 'पोट दुखतंय' न म्हणता 'पाळीत दुखतंय' म्हणा.

गेल्या महिन्यात माझ्या वर्गातली एक आठवीतली मुलगी तासाला उठून उभी राहिली. मला वाटलं, पाणी प्यायला जायचं असेल. ती सगळ्यांसमोर, खाली न बघता म्हणाली, "मॅडम, पाळी आलीय, खूप दुखतंय, मी थोडा वेळ मागे पडू का?" मागच्या बाकावरची दोन पोरं फिदीफिदी हसली. तिने त्यांच्याकडे लक्षही दिलं नाही. मी बाकं जोडून तिला जागा करून दिली आणि धडा पुढे चालू ठेवला.